लाल आधी बाजूला

गोधडीसाठी गाठोडं सुटलं की काकी सगळ्यात आधी लाल कापडं वेगळी काढतात. पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक लाल तुकड्यावर घासतात. फडक्यावर गुलाबी छटा उतरली, तर तो तुकडा आज घ्यायचा नाही. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं शेजारणी सांगतात. पण गिरणीत रंगवलेल्या कापडावर मिठाचा इलाज फारसा चालत नाही. पाणी नितळ येईपर्यंत धूत राहायचं.

डिचोली तालुक्यातलं हे घर. मे महिना सरत आलाय. मृग लागला की गोव्यात जाड कापड दोन-दोन दिवस सुकत नाही, म्हणून धुणं-वाळवणं आत्ताच उरकून घ्यायचं.

कापडं पसरलीत सोप्यावर, दिवसाच्या उजेडात. ट्यूबखाली गर्द निळा आणि काळा एकच भासतात. शिवून झाल्यावर फरक कळतो नि मग उसवत बसावं लागतं.

पुतणीला लाल आणि हिरवा शेजारी हवेत. "उठून दिसतील ना?"

"डोळे किलकिले करून बघ गो," काकी म्हणतात.

ती बघते. दोन्ही तुकडे मिळून एकच काळपट डाग. रंग वेगळे असले तरी गडदपणा सारखाच, त्यामुळे नक्षी मिटून जाते. पुतणी मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करते; तिथेही तेच. मग मधे फिका पिवळा येतो आणि चौकोन वेगवेगळे दिसू लागतात. रंग कोणते घ्यायचे यावर घरोघरी वाद झडतात, पण फिकं-गडद जमलं की बाकी बरंचसं निभावून जातं.

आता छपाई. मोठ्या फुलांची साडी अख्खी असताना देखणी असते. चार इंची तुकड्यात तिचं अर्धं पान नि एक देठ उरतो. यावर काकींचं हत्यार म्हणजे जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. त्याला चार इंचांची चौकोनी खिडकी कापलेली. ती कापडावर सरकवत न्यायची, खिडकीत जे दिसेल तेच गोधडीत दिसणार. फूल नेमकं मधोमध आलं की खडूने खूण. बारीक बुट्टी लांबून साध्या रंगासारखी वाटते, म्हणून मोठ्या छपाईशेजारी ती चालते. दोन मोठ्या छपाया शेजारी आल्या की भांडतात. चौकडा मात्र जपून! गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणलेली कुणबी साडी चौकड्यांचीच. असं कापड कातरताना रेघ जरा कलली, तरी अख्खी गोधडी वाकडी वाटते.

भरपूर रंग हवेतच असंही नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी बंगालात भरतकाम केलेल्या रजया आज संग्रहालयांत आहेत. त्यातल्या कित्येकींत पांढऱ्या सुती कापडावर टसर रेशमाचा नैसर्गिक सोनेरी धागा, बस. शिकारी, जहाजं, राजे-राण्या, सगळं त्या एकाच रंगात. आमच्या दमट हवेत पांढरं वापरायला धीर लागतो म्हणा. एका पावसाळ्यात बुरशीचे ठिपके.

सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका 'कवंदी', म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. कडेपासून सुरुवात करून फेऱ्या घेत मध्याकडे यायचं, त्यामुळे रंगांचा आराखडा आधी मांडत नाहीत. हाताशी येईल तो तुकडा पुढे जोडतात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुलं' मात्र हवीतच. ती नसली तर कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात.

काकींना ही हाताला येईल तशी पद्धत पटत नाही. पुतणीला पटलीय. कोपरे तिच्या वाट्याला आलेत, आणि तिने पिवळा उचललाय.