मास्तरांचे टप्पे

नमस्कार श्रोतेहो. आज मी साठीच्या पुढच्या माणसांविषयी बोलणार आहे. त्यांनी मोबाइल शिकावा की नाही, हा वाद आता उरलेला नाही. पेन्शन मोबाइलवर, गॅसचा नंबर मोबाइलवर, लाइटबिल मोबाइलवर. बोलायचंय ते शिकवायचं कसं याबद्दल, आणि शिकल्यावर हाताला काम काय मिळतं याबद्दल. आणि घरातल्या मुलासुनांना, नातवंडांना एकच गोष्ट सांगायची आहे: शिकवताना फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. हे मी मध्येमध्ये पुन्हा सांगेन, कारण सगळं अडतं ते तिथेच.

वय झालं की डोक्यात काही शिरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवावं. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन, दुपारची कामं आटोपून वर्गात बसायच्या आणि पाटीवर स्वतःचं नाव गिरवायच्या. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला त्या सही करायला लागल्या. त्याच सुमारास, २०१७ साली, केंद्र सरकारचं ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं आणि त्याला वयाची अट होती १४ ते ६०. म्हणजे एकसष्टाव्या वर्षी दार बंद! ही अट मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. आता ‘उल्लास’ नावाचा साक्षरता कार्यक्रम आहे, त्याला १५ वर्षांच्या वर कितीही वय चालतं आणि त्यात मोबाइलचे, पैशाचे व्यवहारही येतात. आपल्या गावच्या शाळेत चौकशी करा.

आता एक गोष्ट सांगते, आणि ती सावकाश सांगते.

वाईला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी शनिवारी मोबाइल शिकवते. तिथं एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. सगळी आळी त्यांना मास्तर म्हणते. पंचाहत्तरी ओलांडलेली. निम्मी नोकरी वाई-महाबळेश्वर गाडीवर. पसरणीच्या घाटात गाडी वळण घेतेय, माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, आणि मास्तर पाठ सीटच्या कडेला टेकवून दोन्ही हात मोकळे ठेवून तिकिटाला पंच मारताहेत. त्या काळी ज्यांनी त्या गाडीनं प्रवास केलाय त्यांना ते अजून आठवतात.

एसटीवाल्यांची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५ ची, भविष्य निर्वाह निधीतून मिळणारी. ती किती तुटपुंजी असते, हे ज्यांच्या घरात येते त्यांना सांगायला नको. २०१४ पासून किमान रक्कम हजार रुपये आहे, ती अजून तिथंच. पण तेवढी तरी चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. मास्तर त्यासाठी एका कार्यालयात गेले, तर मशीन त्यांचा अंगठा घेईना. कुणी म्हणालं अंगठा पुसा, कुणी म्हणालं तेल लावून उद्या या. उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यांची बोटं तर जन्मभर नोटा-नाणी मोजून झिजलेली. तीन खेटे झाले. शेवटी मुलानं घरीच त्यांचा फोन घेतला, त्यांच्या तोंडासमोर धरला, “आबा, डोळे मिटा, उघडा” म्हणाला. झाला दाखला.

शनिवारी मास्तर आले ते रागातच. म्हणाले, “ताई, मी जिवंत आहे हे सरकारला कळलं, बँकेला कळलं, मुलाला कळलं. कसं कळलं तेवढं मला कुणी सांगेना.”

श्रोतेहो, मुलाचं काही चुकलं असं नाही, त्याला कामावर जायचं होतं. पण फोन हातातून गेला की शिकणं तिथंच थांबतं. म्हणून सांगते, फोन त्यांच्या हातातून काढून घेऊ नका.

मी मास्तरांना बसवलं. फोन त्यांच्या हातात, माझे हात माझ्या मांडीवर. हा चेहऱ्यानं दाखला काढायचा प्रकार नोव्हेंबर २०२१ पासून आहे. जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं, अशी दोन अ‍ॅप लागतात. मी सांगत गेले, पण मास्तरांनी मला थांबवलं. खिशातून बारकी डायरी काढली, चष्मा चढवला आणि म्हणाले, “असं सलग सांगू नका. टप्पे पाडा.” एसटीचं भाडं टप्प्यांवर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा, हे आपल्याला माहीत आहेच. मास्तरांनी अ‍ॅपचे टप्पे पाडले. मी ते पान पाहिलंय. टप्पा एक: ज्याच्या हातात फोन, त्याचं आधार आणि चेहरा. टप्पा दोन: पेन्शनरचं आधार, मोबाइल नंबर, ओटीपी. टप्पा तीन: पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, बँकेचा खाते नंबर. टप्पा चार: चेहरा, पापणी मिटणे. त्याच्यापुढे कंसात, “उजेड तोंडावर घेणे, खिडकी पाठीला नको.” शेवटचा थांबा: मेसेज येतो, त्यातला प्रमाण आयडी उतरून घेणे.

पुढच्या वेळी पत्नीला सोबत घेऊन आले. मास्तरांची बहीण शाळेतून निवृत्त झालेली, तीही आली. मास्तरांनी डायरी उघडी ठेवून एकट्यानं बहिणीचा दाखला काढला. कुणी मध्ये बोललं की बोट वर करून गप्प करायचे. मेसेज आला तशी त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली. डबल बेल! खोलीतल्या सगळ्यांना कळलं, गाडी सुटली.

मग आळीतून माणसं यायला लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या, त्यांच्या घरी मास्तर स्वतः गेले. हे चौकातल्या ई-सेवा केंद्रवाल्या पोरानं ऐकलं आणि तो मास्तरांकडे आला. म्हणाला, “मास्तर, नोव्हेंबरात माझ्याकडे पेन्शनरांची रांग लागते. मी चार मिनिटांत दाखला काढतो, पण त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मला वेळ पुरत नाही. सकाळचे दोन-तीन तास बसाल का?” मास्तर बसले. एका वहीला उभ्या रेघा मारल्या: अनुक्रम, नाव, वेळ, मेसेज आला का. त्या वहीला ते वेबिल म्हणतात, कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाचं नाव. दुकान बंद होताना वेबिल जुळल्याशिवाय उठत नाहीत. त्यांना एका दाखल्याला दहा मिनिटं लागतात, पण त्यांच्याकडून गेलेला माणूस तेच विचारायला दुसऱ्यांदा येत नाही. पहिल्या दिवसाचे पैसे हातात आले तेव्हा मी तिथंच होते. नोटा त्यांनी उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरल्या, गाडीत धरायचे तशाच.

त्या दुकानाला मास्तर हवे होते ते त्यांच्या जुन्या कामामुळे. गर्दीत न चिडता एकेकाला हाताळणं, पैशाचा हिशेब, नोंद ठेवणं हे त्यांच्या अंगात आहे. फोन त्यावर नंतर बसला. उतारवयात काम शोधताना इथूनच सुरुवात करावी. शिवणकाम येतं? ब्लाउजचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, ऑर्डर घ्या. गणित शिकवलंय? व्हिडिओ कॉलवर शिकवणी घ्या. २०२३ साली राज्य सरकारनं जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांना सत्तरीपर्यंत, महिना २० हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं. तिथं मात्र माझं मन द्विधा होतं, कारण डीएड झालेली पोरं नोकरीची वाट बघत बसलीत. त्यांच्या ताटातलं आपण घेऊ नये. शुद्धलेखन चांगलं असेल तर मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात, जुन्या पुस्तकांची पानं तपासता येतात. पैसे मिळत नाहीत, पण डोळे आणि भाषा दोन्ही कामाला लागतात. पदवी राहून गेली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथं कुणी वय काढत नाही.

आणि हो, सकाळच्या ‘शुभ प्रभात’वरून आजीआजोबांना नावं ठेवू नका. फोटो निवडणं, पाठवणं, दोन शब्द टाइप करणं, हा त्यांचा रोजचा सराव आहे. तसंच बँकांनाही सांगावंसं वाटतं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला “ऑनलाइन करा” म्हणून खिडकीवरून परत पाठवणं बरं नव्हे. खिडकीत माणूस हवाच.

शेवटी पैशाचं, कारण फोन आला की भामटेही येतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पुन्हा ऐका, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. कुणी व्हिडिओवर पोलिसाच्या वेशात “तुम्हाला डिजिटल अटक केली आहे” म्हणालं तर फोन ठेवून द्या; आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. फसवणूक झालीच तर कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जायच्या आत कळवलं तर ते रोखता येतात. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. कागद-पेन्सिल घ्या, मी सावकाश सांगते. फसवणुकीसाठी एक-नऊ-तीन-शून्य. बाकी मदतीसाठी एक-चार-पाच-सहा-सात. नमस्कार.