बावन्न म्हणजे पाच दशक आणि दोन

श्रोतेहो, नमस्कार.

दुसरीच्या वर्गात एकदा मी मुलांना संख्या घातली, ‘बावन्न’. पहिल्या बाकावरच्या मुलीनं वहीत लिहिलं, २५. मी परत म्हटलं, ‘बावन्न’. तिनं खोडलं, विचार केला आणि पुन्हा २५च लिहिलं, या खेपेला पेन्सिल दाबून.

तिनं ऐकलं तसंच लिहिलं होतं. ‘बा’ म्हणजे दोन, तो कानावर आधी पडतो. ‘वन्न’ म्हणजे पन्नास, तो मागून येतो. लिहिताना मात्र पन्नासचा पाच आधी लिहायचा. आपल्या गोव्यातल्या बहुतेक मुलांच्या घरी कोकणी बोलतात, आणि कोकणीतही हाच क्रम. त्यात दुकानात, मोबाईलवर ‘फिफ्टी टू’ ऐकू येतं, तिथं पन्नास आधी. सहा-सात वर्षांच्या पोरानं एकाच संख्येची ही उलटसुलट नावं सांभाळायची. वर एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे तीसला एक कमी, चाळीसला एक कमी. नावातच वजाबाकी! आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून पुढं नव्व्याण्णवला तो मोडायचा.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर जुनी नावं सोडायची काही गरज नाही, ती आपल्या भाषेचं धन आहेत. पण ‘बावन्न’ म्हटल्यावर लगेच ‘पाच दशक आणि दोन सुटे’ हे मुलाच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं पाहिजे. पहिली-दुसरीच्या गणितातलं सर्वांत मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. दहाचा एक गठ्ठा होतो, ही समज.

त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. माडाच्या झावळीचे हीर काढा, वीतभर लांबीचे तुकडे करा. दहा मोजायचे, रबर लावायचा. झाला एक दशक. मुलांनी हे स्वतःच्या हातानं करायला हवं, आपण बांधून द्यायचं नाही. त्या मुलीपुढं मी असे पाच गठ्ठे आणि दोन सुटे हीर ठेवले. तिनं गठ्ठ्यांवर बोट ठेवत म्हटलं, दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. मग सुट्यांवर, एक्कावन्न, बावन्न. थोडा वेळ गप्प बसली आणि आपण होऊन २५ खोडून ५२ लिहिलं.

पुढच्या आठवड्यात वजाबाकी आली. ५२ मधून ७ काढायचे. सुटे दोनच, सात कुठून देणार? आपण लहानपणी ‘शेजारच्याकडून उसना घे’ असं घोकलं, पण त्या घरात नेमकं काय घडतं ते कितीजणांनी पाहिलं? ती गठ्ठ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘टीचर, एक सोडू?’’ रबर निघाला, हीर बाकावर पसरले, बारा सुटे झाले. त्यातले सात बाजूला गेले, पाच उरले, आणि चार गठ्ठे तसेच. पंचेचाळीस. बेरजेतला हातचा म्हणजे याच्या उलट, दहा सुटे जमले की रबर लावून गठ्ठ्यांच्या घरात पाठवायचे.

हे पक्कं झालं नाही की तिसरीत ‘तीनशे पाच’ सांगितलं तर मूल ३००५ लिहितं. तीनशे लिहिलं, त्यापुढं पाच लिहिलं. मधल्या रिकाम्या घरात शून्य कशासाठी बसतं, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. पहिलीत ९९, दुसरीत ९९९ आणि तिसरीत ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं त्याचं लक्ष्य. लक्ष्य चांगलं आहे. पण नव्याण्णवची खरी ओळख झालेली नसताना पुढच्या आकड्यांची घाई केली, तर पोरं नुसते अंक गिरवत बसतात.

आता पाढ्यांविषयी. पालक भेटले की पहिला प्रश्न तोच, ‘वीसपर्यंत कधी येतील?’ पाढे पाठ हवेतच, त्यात मी कुणाला सूट देणार नाही. पण आधी दोन, पाच आणि दहाचे घ्या, आणि म्हणण्याआधी दाखवा. गणेश चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीपुढं फळं-पानं बांधायचा चौकोनाचौकोनांचा लाकडी सांगाडा टांगलेला असतो ना, त्याच्याखाली मुलाला उताणं झोपवा. एका ओळीत सहा चौकोन, अशा चार ओळी, साही चोक चोवीस. मग त्याला काटकोनात फिरवून झोपवा. आता एका ओळीत चार, अशा सहा ओळी. चौकोन तेवढेच! पाढ्यांची अर्धी मेहनत इथंच वाचते.

बोटं मोजणाऱ्या मुलाला ओरडू नका, ही माझी कळकळीची विनंती. बोटं दहाच आहेत, आणि दहाच्या जोड्या तिथंच कळतात. तीन मिटली की सात उरतात. आठात पाच मिळवताना पाचातले दोन आठाला देऊन दहा करायचे, वर तीन, तेरा. हे जमलं की बोटं आपोआप सुटतात. लांबी, वजन, आकार हेही या वयात यायला हवं, पण ते स्वयंपाकघरात सहज होतं. उकडे तांदूळ किती पेले घेतले, ते मुलाला मोजू द्या, बस्स.

उद्या सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा भोंगा वाजला की पिशवी आणि पन्नासची नोट मुलाच्या हाती द्या. पाव पाच रुपयांना एक धरला, तर सहा पावांचे तीस. उरलेले किती ते तुम्ही सांगू नका. त्याला तीसवरून चाळीस, चाळीसवरून पन्नास असं पुढं मोजत जाऊ दे. वेळ लागेल. पोदेराला घाई असेल तर त्याला म्हणा, ‘‘बाबा, जरा थांब, आमचं पोर हिशेब करतंय.’’

नमस्कार.