पाणंदीवरची धाव

(मेणवलीचा घाट. उजाडतंय. नदीवर धुकं.)

जुन्या महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा बलकवडी आणि धोम ही दोन धरणं मागे टाकून इथे येते. हे मेणवली, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. काठावर नाना फडणवीसांचा वाडा, खाली घडीव दगडाचा घाट, आणि देवळापाशी टांगलेली ही घंटा वसईची. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा ती मराठ्यांच्या हाती आली. दिवस वर आला की इथे गाड्या लागतील, फोटो निघतील. आत्ता घाटावर आहेत ती ही पोरं. बुटांच्या नाड्या आवळतायत.

यातली बहुतेक भरतीची. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि त्या एका धावेला 20 गुण. ते सगळे हवे असतील तर मुलाने 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यायचं, मुलीने 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत. ‘ग्राउंड निघालं’, म्हणजे मैदानी चाचणीत पास झालो, हा या वयातला सगळ्यात मोठा निरोप. पण सोळाशे मीटर पळायचं तर त्याआधी कित्येक महिने सात-आठ किलोमीटर पळावं लागतं. ते कुठे पळायचं?

(पाणंद. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे हळद.)

मेणवलीहून भोगाव, भोगावहून धोम. डांबरी रस्ता आहेच. ही मुलं तो सोडतात आणि नदीच्या अंगाला खाली उतरतात.

ही पाणंद. शेतांच्या मधून गेलेली, बैलगाडीच्या मापाची वाट. इथे कॅमेरा जमिनीलगत धरलाय. चाकोरीच्या दोन रेघा दिसतात, मधे हराळीचा पट्टा. पाय बघा कुठे पडतायत. चाकोरीत नाही, तिथली माती ट्रॅक्टरने दाबून टणक केलीय. पाय पडतात ते हराळीवर. पावसाळ्यात इथे पळता येत नाही, काळी माती बुटाला धरते आणि पाय उचलेनासे होतात. वाफसा आला, म्हणजे पाणी निथळून मातीत बेताची ओल उरली, की मात्र या जमिनीला तोड नाही. पाऊल किंचित रुततं आणि सुटतं. या मुलीचं बघा, शेवटची आहे रांगेत. टाच वाजतसुद्धा नाही.

डाव्या-उजव्या हाताला पिवळी पडत चाललेली हळदीची पानं. लवकरच पाला कापला जाईल आणि कंद निघतील. बांधावर करंज, बाभूळ, घाणेरी. भोगावात वामन पंडितांची समाधी आहे. पुढे धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवावर बसलेला नंदी. धावण्याची वाट या सगळ्याच्या अंगावरून जाते.

पाणंद इथे कशी आली, हे सांगितलं पाहिजे.

(गावाचा नकाशा. बोट रेघेवरून फिरतंय.)

हा गावनकाशा. शेतांच्या हद्दींमधून तुटक रेघांच्या जोड्या गेल्यात, ते गाडीमार्ग. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. ज्या माणसांनी साखळ्या टाकून ही जमीन मोजली, त्यांनी लोक कुठून चालतात तेही टिपून ठेवलं. शेणखत शिवारात न्यायचं, मळणी झाली की पोती घरी आणायची, ऊस गुऱ्हाळाला पोचवायचा, सगळं पाणंदीने. वाट कुणा एकाची नव्हती, म्हणून ती अडवण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे.

मग बैल कमी झाले. धोमचं पाणी आलं, जिरायतीची बागायत झाली आणि जमिनीच्या एकेका हाताला मोल आलं. नांगर दर वर्षी एक फाळ आत सरकला. इकडून एक, तिकडून एक. कुणी वाईट माणसं नव्हती ती. बांध कोरताना आपण रस्ता कोरतोय असं कुणाला वाटत नाही. पण गाडी जाईल एवढी पाणंद हळूहळू पाऊलवाट झाली, आणि काही ठिकाणी नकाशावर रेघ आहे, तिथे आज ऊस उभा आहे.

ही वाट परत मागता येते. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं पाचवं कलम तहसीलदाराला अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार देतं. जिथे रस्ता कधी नव्हताच, तिथे 1966 च्या जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम बांधावरून वाट देतं. अर्ज, नोटीस, स्थळपाहणी, पंचनामा, आदेश असा त्याचा क्रम. कागद सोपा आहे. अवघड असतं ते भावकीत एकमेकांसमोर उभं राहणं. आणि तरीही पाणंदी खुल्या होतात. गावकरी दोरी धरतात, जेसीबी येतो, दोन दिवसांत रस्ता दिसायला लागतो. हा त्यातलाच एक तुकडा. घाणेरी काढल्यावर खाली जुनी चाकोरी निघाली, अजून तिथेच होती.

(कालवा. वरून.)

दुसरी वाट धोमच्या डाव्या कालव्याची. कालवा डोंगराच्या कडेने समपातळी धरून जातो. पाणी आपोआप वाहावं एवढाच त्याला उतार, आणि तो डोळ्यांना कळत नाही. म्हणून त्याच्या भरावावरची मुरमाची वाट वेगाच्या सरावाला मिळालेली देणगी आहे. चढ नाही, उतार नाही, चौक नाही. एकच गती धरायची आणि सोडायची नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असलं की पाणी काठोकाठ असतं. तेव्हा पळायचं ते बाहेरच्या कडेने, आणि एकट्याने नाही.

(पांडवगडाची सोंड. सूर्य वर आलाय.)

कालवा ओलांडला की डोंगर. समोर पांडवगड, साडेबाराशे मीटरहून उंच. खोऱ्यापासून पाचशे मीटरहून अधिक चढ. इथे पळणं म्हणजे पळणं नव्हे. गुडघ्यावर हात, छोटी पावलं, नजर पुढच्या चार फुटांवर. गवत वाळलेलं असताना घसारा फार, आणि खरा कस उतरताना लागतो. वेग अडवून धरताना मांड्या भरून येतात. जो उतार शिकला त्याला मैदान सोपं जातं, असं पोरं एकमेकांना सांगतात.

वर पोचल्यावर कॅमेरा आम्ही नुसता फिरवला. धोमचा जलाशय, खाली कृष्णेचं वळण, पलीकडे पसरणीचा घाट पाचगणीकडे चढत गेलेला.

याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव. तिथली ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय. तिचं धावणंही गावच्याच वाटांवर सुरू झालं.

(डांबरी रस्ता. हेडलाइट. कडेने पळणारी मुलं.)

पाणंद बंद असली की मुलं इथे येतात. अंधारात, उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने. काही घरांनी याची किंमत मोजली आहे.

(पुन्हा पाणंद. ताजं काँक्रीट.)

2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्त्यांना पैसा मिळू लागला. फार चांगलं झालं. ऊस बाहेर काढायला पक्का रस्ता लागतोच, दूध घालायला लागतो, रात्री दवाखाना गाठायला लागतो. त्याला आमचा विरोध नाही. पण मुरूम टाकून, दाबून, कडेला चर काढून जिथे भागतं, तिथे मुरूमच ठेवावा. काँक्रीटवर रोज पळणाऱ्या पोरांच्या नडग्या दुखायला लागतात, हे या पट्ट्यातलं कुठलंही भरतीचं पोरगं सांगेल. आणि काँक्रीट करायचंच असेल, तर एका अंगाला तीन फूट मातीची पट्टी सोडावी. बैलांनाही तीच बरी पडते, शेळ्यांनाही, अनवाणी म्हाताऱ्या माणसांनाही.

ही पट्टी अंदाजपत्रकातच धरावी लागते. म्हणून गावात पाणंदीचा ठराव यायचा असेल, तेव्हा पहाटे पळणाऱ्या मुलामुलींनी ग्रामसभेला जाऊन बसावं, आणि ठरावात ‘एका बाजूस मातीची पट्टी’ एवढे शब्द लिहून घ्यावेत.