झोपलेल्या कुत्र्याचे श्वास

(खानापूरकडच्या एका वाचनालयात पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी माझी ओळख 'गुरांचे डॉक्टर' अशी करून दिली. ती खरीच आहे. तीस वर्षांपूर्वी या भागात आलो तेव्हा दिवसभर म्हशी आणि बैल. कुत्रं कुणी आणलंच तर रेबीजची लस टोचायला. मांजर तर कुणी आणायचंच नाही. एक गेलं तर दुसरं येतंय की, असा हिशेब. आता संध्याकाळी बाकावर निम्मी माणसं मांडीवर पॉमेरियन नाहीतर पर्शियन मांजर घेऊन बसलेली असतात. कोण म्हणतो 'खोकतंय', कोण कन्नडात म्हणतो 'केम्मु ऐती'. आणि पुढचं वाक्य दोन्ही भाषांत एकच: घशात हाड अडकलंय.

त्या हाडापासूनच सुरुवात करतो. एक निवृत्त बाई आल्या, अकरा वर्षांचा पॉमेरियन घेऊन. रात्री खोकायचा, खोकून खोकून ओकारी काढायचा, तोंडातून थोडा पांढरा फेस यायचा. बाईंनी तीन आठवडे मध-हळद चाटवली होती. मी घसा पाहिला, काही नाही. म्हटलं, बाई, तुमचा तळहात इथं ठेवा, डाव्या कोपराच्या मागं, बरगड्यांवर. त्यांनी ठेवला आणि दचकून काढून घेतला. म्हणाल्या, 'आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतंय.'

त्यांनी मोजक्या शब्दांत रोग सांगितला. हृदयाच्या डाव्या बाजूला मायट्रल नावाची झडप असते. लहान जातीच्या कुत्र्यांत ती म्हातारपणी जाड होते, नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागं फिरतं, त्याची ती घरघर. मागचा कप्पा फुगत जातो, दाब फुप्फुसापर्यंत पोचतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी धरतं. हे एका रात्रीत होत नाही, वर्षं जातात. २०१६ साली या रोगावर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ३६० कुत्री होती, हृदय मोठं झालेलं पण अजून पाणी न धरलेलं. ज्यांना पिमोबेंडान हे औषध दिलं, त्यांचा पाणी धरण्याआधीचा काळ सुमारे पंधरा महिन्यांनी लांबला. अकरा वर्षांच्या कुत्र्याला पंधरा महिने म्हणजे किती, ते तुम्हीच बघा. पण त्यासाठी झडप गळतेय हे आधी कळायला हवं. म्हणून वर्षातून एकदा लस टोचायला आणता तेव्हा 'छातीला नळी लावून ऐका' असं डॉक्टरला सांगायला लाजू नका. आम्हीही घाईत असतो.

घरी करायचं एकच काम सांगतो. कुत्रं गाढ झोपलेलं असताना त्याची बरगडी बघा. वर गेली, खाली आली, तो एक श्वास. मोबाईलवर तीस सेकंद लावा, मोजा, दुप्पट करा. झोपेत मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत, मांजरालाही तेच. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजू नका, उन्हातून येऊन जीभ काढून बसलं असेल तेव्हाही नको. आठवडाभर रोज मोजून कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशेब लिहिता तसा. नेहमी अठरा-वीस असणारा आकडा अचानक पस्तीस-चाळीसवर गेला आणि परत मोजला तरी तेवढाच भरला, तर सकाळची वाट बघू नका. त्या बाई अजून लिहितात. एकदा त्या आकड्यावरूनच त्यांनी रात्री फोन केला, पाणी धरायला नुकती सुरुवात झाली होती. इंजेक्शननं उतरलं.

कुत्रं फिरायला नेताना मटकन खाली पडलं आणि मिनिटभरात काही झालंच नाही असं उठून चालू लागलं, तर त्याला फिट म्हणायची घाई नको. फिटमध्ये बहुधा पाय झाडतं, लाळ गळते, लघवी होते आणि नंतर बराच वेळ बावचळलेलं असतं. ढिलं पडून लगेच सावध होणं हे बऱ्याचदा हृदयाचं असतं. मोठ्या जातींत, विशेषतः डॉबरमनमध्ये, फार जपा. आपल्याकडे लगेच कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्यापेक्षा व्हिडिओ काढा, मला त्याचा जास्त उपयोग आहे. शिवाय कांदा पोटात गेला तर कुत्र्याचं रक्त कमी होतं.

आता मांजर. इथं मला माझी एक चूक सांगायचीय. नवीन असताना रात्री फोन आला, बोका दोन दिवस सारखा बसतोय, कण्हतोय, होत नाही. मालकाला वाटलं बद्धकोष्ठ, मलाही फोनवर तेच वाटलं. म्हटलं उद्या आणा. उद्या बोका आणला तो टॉवेलात गुंडाळून, गार झालेला. त्याला लघवी होत नव्हती. बोक्याची मूत्रनळी बारीक असते, खड्यानं नाहीतर चिकट गाळानं तुंबते. रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्यानं हृदय थांबतं. एक-दोन दिवसांचा खेळ असतो. त्यानंतर बोका कुंथतोय म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारतो: ओलं किती झालं?

मांजराचं हृदय बिघडलं तर ते बहुधा खोकतही नाही. दडून बसतं, खाणं सोडतं, एवढंच. त्यांच्यात हृदयाची भिंत जाड होण्याचा रोग जास्त, आणि कधी कधी आत रक्ताची गुठळी होते. ती सुटून मागच्या पायांच्या धमनीत अडकली की मांजर किंचाळतं, मागचे पाय ओढत येतं. लोक म्हणतात माळ्यावरून पडलं. पायाला हात लावा: गार लागतात, तळव्याची गादी पांढरट नाहीतर निळसर दिसते. आणि मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल, तर ते दमलंय म्हणू नका, ती तातडीचीच वेळ. त्याला उताणं करू नका, पाणी पाजू नका, ओढाताण तर बिलकूल नको. बाजाराच्या पिशवीतही कोंबू नका. झाकणाची टोपली, वर पातळ कापड, आणि हळू आणा.

अथणी-चिकोडीकडं मुधोळ कुत्री पुष्कळ. मुधोळ गाव काही लांब नाही; २००५ साली तर टपाल तिकिटावरही ही कुत्र्याची जात आली. छाती खोल, कंबर बारीक. अशा कुत्र्याचं पोट भरपूर खाऊन पळाल्यावर फुगून पिळा घेऊ शकतं. ओळखायची खूण एक: ओकारी काढतं पण पडत काही नाही, आणि पोट ढोलासारखं वाजतं. इथं सोडा नाही, तेल नाही. गाडी काढा, ऑपरेशन लागतं, तेही काही तासांत.

हिरडी बघायची सवय लावा, पण आपल्या पाळलेल्याचीच. रस्त्यावरच्या लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. गुलाबी हिरडी बोटानं दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. पांढरी फटक म्हणजे रक्त कमी: गोचीड तापानं, किंवा उंदराच्या औषधानं तीन-चार दिवसांनी आत रक्तस्राव होऊन. निळी म्हणजे प्राणवायू कमी. उन्हात विटेसारखी लाल झाली तर साधं पाणी ओता, पंखा लावा, बर्फ नको, आणि तसंच ओलं घेऊन निघा. भाताच्या बांधावर घोणस नाहीतर नाग चावला तर दोरी बांधत बसू नका. माणसाला देतात तेच सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं. आणि ताप वाटला म्हणून मांजराला घरातली पॅरासिटॅमॉल, अर्धीसुद्धा नाही. एका गोळीत मांजर मरतं.

आत्ता एका काकांनी विचारलं, रात्री अकराला जायचं कुठं? काका, हे अकरा वाजता शोधायचं नसतं. बेळगावात रात्री कोण उघडतं, कुणाकडे ऑक्सिजन आहे, एक्स-रे कुठं होतो, ते उद्या दुपारी फोन करून विचारा आणि कागदावर लिहून फ्रिजला लावा. खानापुरातून तासभर तरी धरा, पावसात जास्त. निघायच्या आधी त्यांना फोन करा, आणि श्वासाचा आकडा सांगा.