खडी फोडायला गेलेला माणूस

(बिंदू चौक, पहाट. तुरुंगाची दगडी भिंत.)

आमच्या कोल्हापुरात एखादं पोरगं वाया चाललं, की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "जाशील एक दिवस खडी फोडायला." आमच्या घरात मात्र हे वाक्य चालत नव्हतं. कुणी पाहुणा सहज बोलून गेला, तर आजी हातातलं काम टाकून परड्यात निघून जायची. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, सक्तमजुरी भोगली होती. हे मला कळलं ते आजीच्या बाराव्याला, एका थकलेल्या आत्याकडून. तिला ठाऊक होतं एवढंच. "जुंधळ्यापायी आत घातलं हुतं म्हणं. आणि कुणाला सांगू नगंस."

मी सांगतो आहे. शंभर वर्षं झाली, आता तरी कुणीतरी सांगायला हवं.

अशा पूर्वजाच्या शोधाला लागलात, तर आधी गाव तेव्हा कुणाच्या अमलाखाली होतं ते पाहा. आज सगळा एकच जिल्हा आहे, पण 1949 च्या मार्चपर्यंत इथं संस्थान होतं. त्याच्या पोटात कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा जहागिरी. कुरुंदवाड तर पटवर्धनांचं, निराळंच. माझ्या एका मित्राचं गाव चंदगडकडचं. दोन वर्षं तो कोल्हापुरात कागद चाळत बसला. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, हे कुणीतरी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा त्यानं बेळगावची एसटी धरली.

आमचं गाव संस्थानातलंच, म्हणून मी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात गेलो. तिथं दप्तराचा रुमाल सुटतो आणि समोर येते मोडी. हात न उचलता ओढलेली अक्षरं, वर फसली सन, म्हणजे जुनं महसुली साल. त्यात 590 मिळवायचे, वर्षाचा कुठला महिना आहे त्यावरून कधी 591, म्हणजे इंग्रजी साल निघतं. मोडी वाचणारे एक गुरुजी सोबत नसते, तर मी त्या पानांवरून नुसता हात फिरवून परत आलो असतो.

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तपासायच्या दप्तरांच्या यादीत तुरुंगातली कैद्यांची रजिस्टरंही होती. ज्या पानांची घराण्यांना लाज वाटायची, तीच पानं लोक हात जोडून मागू लागले.

(जुन्या दगडी जात्याचं दृश्य.)

सक्तमजुरी म्हणजे काय, हे आपण नीट मनात आणत नाही. खडी, दळण, काथ्या कुटणं, सतरंज्या विणणं. ब्रिटिश मुलखात 1894 च्या तुरुंग कायद्यानं दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. मजुरीवरच्या कैद्याचं वजन निदान पंधरवड्याला एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे नोंदीच्या कार्डावर, चढवायचं, असंही त्यात लिहिलं आहे. ज्याचा एक फोटो नाही, सही नाही, त्याचं अंग किती झडत गेलं ते दर पंधरा दिवसांनी लिहिलं जायचं. ते वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बेचाळीसच्या चळवळीत आत गेलेल्यांची घरं वेगळी. 1972 मध्ये ताम्रपट आले, पेन्शन सुरू झाली, तुरुंगाचा दाखला देवघरात ठेवावा तसा जपला गेला. तो मान त्यांचा हक्काचाच. पण जोंधळ्यासाठी गेलेल्याचं नाव घरात कुणी घ्यायचं?

(रजिस्टरचं पान, जवळून.)

चौथ्या दिवशी गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं. फसली 1328. म्हणजे 1918-19. पाऊस दगा देऊन गेलेला, गावोगाव इन्फ्लुएंझानं माणसं मरत होती. ओळीत पणजोबांचं नाव, गाव, वय अंदाजे तीस. गुन्हा, धान्याची चोरी. सहा महिने सक्तमजुरी. खूण, उजव्या भुवईवर वण. आणि नावापुढं 'बिन' लिहून त्यांच्या वडिलांचं नाव. आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. श्राद्धात भटजी विचारायचे, तेव्हा तिथं आम्ही गप्प व्हायचो.

(गावाकडचं रान. दगडी ताल.)

आमच्या रानाला कडेनं दगडी ताल, म्हणजे रचलेल्या दगडांचा बांध, आहे. पणजोबांनी एकट्यानं घातलेली, चुना नाही, माती नाही, तरी एक दगड हललेला नाही. दगड त्यांच्या हाताला वश होता, असं सगळे सांगत आले. हा हुन्नर ते शिकले कुठं, हे मात्र कुणी सांगायचं नाही.

मी काकांना ती नोंद तालीवर बसूनच वाचून दाखवली. ते बराच वेळ दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्येंच्या बाचं नाव पुन्यांदा वाच."

मी वाचलं.