एमएस आणि गुणसूत्रांचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

घरातल्या तरुण मुलीला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते असा आजार झाल्याचं कळलं की प्रश्न येतोच: "कुणाकडून आलं हे? आईकडून की वडिलांकडून?" मग कुणीतरी गुणसूत्रं तपासायला सुचवतं.

आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे धागे, असतात. डाउन सिंड्रोममध्ये बहुधा 21व्या क्रमांकाचं एक जास्तीचं असतं आणि ते गुणसूत्रांच्या तपासणीत स्पष्ट दिसतं. एमएसची अशी कुठलीही ठरलेली खूण त्या तपासणीत सापडत नाही. निदान होतं ते लक्षणं, एमआरआय आणि गरज पडली तर पाठीतून काढलेल्या पाण्यावरून. निदानासाठी म्हणून त्या तपासणीवर पैसे घालवू नका.

आनुवंशिकतेचा संबंध आहे, पण तो विखुरलेला. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए जनुकं असतात. शरीराला आपलं-परकं ओळखायला ती मदत करतात. त्यांतल्या एका प्रकाराने एमएसचा धोका वाढतो, तरी तो प्रकार असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात एमएसच्या धोक्याशी जोडलेल्या, गुणसूत्रांवरच्या दोनशेहून अधिक जागा सापडल्या. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चारात एक. जनुकं तीच, तरी बहुतेक जण सुटतात! एप्स्टाइन-बार नावाचा सर्रास आढळणारा विषाणू, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचाही वाटा असतो.

आपल्या मुंबईतल्या पारशी समाजात एमएसचं प्रमाण तुलनेने जास्त असल्याचं मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी दाखवून दिलं. पण म्हणून कुणाच्या वंशाला बोल लावायचा? आईला किंवा वडिलांना एमएस असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. तेवढ्यावरून ठरत आलेलं लग्न मोडतात, याचा मला मनापासून संताप येतो.

गुणसूत्रं खरोखर तुटतात ती वेगळ्याच वाटेने. मायटोझॅन्ट्रोन हे कर्करोगावरचं औषध तीव्र एमएसमध्येही दिलं जाई. त्याने काही थोड्या रुग्णांच्या रक्तपेशींत 15व्या आणि 17व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन रक्ताचा कर्करोग झाला. हा दोष उपचारातून आला, आईवडिलांकडून नव्हे. हे औषध घेतलेल्यांनी नव्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं, आणि अचानक निळे डाग, हिरड्यांतून रक्त किंवा न उतरणारा ताप दिसला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.