हरलेल्या लढाईचा शेवटचा भाग

नमस्कार मंडळी.

ऐतिहासिक मालिकेचा शेवटचा भाग लिहायला बसलं की पहिल्या ओळीलाच पंचाईत होते. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला शाळेपासून ठाऊक असतं. तरीही त्या दिवशी घरोघरी जेवणं लवकर आटोपतात, आजी चष्मा पुसून समोर बसते, आणि ज्या मरणाची तारीख पाठ आहे ते मरण बघताना तिच्या डोळ्यांना धार लागते. हे कसं घडतं, आणि ते घडवताना आम्ही पटकथा लिहिणारे काय काय करतो, ते आज सांगायचं आहे. उदाहरण घेतो झाशीच्या राणीचं. त्या कथेवर मी काम केलंय आणि ती मला सोडत नाही.

आपल्या मराठी मनात वीरमरणाचा एक साचा पक्का बसलेला आहे. बाजीप्रभू घोडखिंडीत पडले, पण तोवर राजे विशाळगडावर पोचले होते, तोफा झाल्या होत्या. तानाजी पडला, पण कोंढाणा हाती आला. ‘गड आला पण सिंह गेला’ या वाक्यात जमा आणि खर्च दोन्ही आहेत. पोवाडा ऐकणारा रडतो, पण रिकाम्या हातांनी घरी जात नाही.

राणीच्या मरणाला असा गड नाही. १७ जून १८५८ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथल्या लढाईत त्या पडल्या, आणि तीन दिवसांत, २० जूनला, ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला. काही पदरात पडलं नाही. हे पडद्यावर असंच दाखवायला लिहिणारा घाबरतो. मीही घाबरलो होतो. मग काय करतात? चिता विझत आलेली, धूर वर चाललेला, आणि निवेदकाचा आवाज एका दमात ८९ वर्षं ओलांडून १५ ऑगस्ट १९४७ला जाऊन पोचतो. मरणाचा मोबदला तिथे चुकता होतो.

ही रीत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. राणीच्या आठवणीवर पुढच्या पिढ्या उभ्या राहिल्या, हे खरंच आहे. पण त्या एका उडीत मधली माणसं गडप होतात. तात्या टोपे पुढे दहा महिने जंगलांतून लढत राहिले आणि १८ एप्रिल १८५९ला शिवपुरीला फासावर गेले. राणीचे वडील मोरोपंत तांबे पकडले गेले आणि त्यांना झाशीतच फाशी दिली. आणि राणीचा दत्तक मुलगा दामोदर? या मुलाबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय.

आपण राणीचा पुतळा डोळ्यांसमोर आणला की पाठीला बांधलेलं तान्हं मूल दिसतं. पुतळ्यातलं ते मूल वर्षा-दोन वर्षांचं वाटतं. दत्तक घेतला तेव्हा, नोव्हेंबर १८५३ मध्ये, दामोदर चार वर्षांचा होता. म्हणजे झाशी सोडताना तो आठ पूर्ण झालेला मुलगा होता. तुमच्या घरातला तिसरीतला मुलगा आठवा. त्याला सगळं कळतं. तोफ कुठून उडाली हे तो सांगू शकतो, आई कधी रात्रभर झोपली नाही हेही त्याला आठवतं. तान्हं मूल दाखवलं की ते फक्त आईच्या शौर्याची खूण होतं. आठ वर्षांचा मुलगा दाखवला की तो साक्षीदार होतो. पडद्यावर साक्षीदार ठेवला तर त्याचं पुढे काय झालं हे सांगावं लागतं. आईच्या मागे तो काही निष्ठावान माणसांबरोबर रानोमाळ भटकला, शेवटी इंग्रजांच्या स्वाधीन झाला, इंदूरला राहिला. त्याला पेन्शन मिळाली, राज्य मिळालं नाही. १९०६ मध्ये तो इंदूरलाच वारला. कुठल्याही शेवटच्या भागात मी हे पाहिलेलं नाही, आणि मला याची फार टोचणी आहे.

आता पराभवाकडे येऊ. शेवटच्या भागात नायिका हरली असं दिसू द्यायचं नाही, हा अलिखित नियमच आहे. मग दोष घ्यायला कुणीतरी लागतं. झाशीच्या लोककथांत ओरछा दरवाजा उघडणारा दूल्हाजू आहे. ग्वाल्हेरच्या कथेत घोडा आहे: राणीचा जुना घोडा उरला नव्हता, नवा घोडा नाल्याशी अडला. ही घोड्याची गोष्ट मला आवडते. एवढ्या मोठ्या आयुष्याचा शेवट एका मुक्या, बुजलेल्या जनावरापाशी येतो, आणि त्याला कुणी शिव्याही देऊ शकत नाही. करुणरस याहून वेगळा काय असतो?

गद्दाराची गोष्ट मात्र मला तितकीशी मानवत नाही. कारण तो आला की तटावरची माणसं लहान होतात. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या. दिवसा पडलेला तट रात्री गवंडी पुन्हा बांधून काढायचे, बायका तोफांना दारूगोळा पोचवायच्या. तात्या सुमारे वीस हजारांची फौज घेऊन मदतीला आले आणि १ एप्रिलला बेतवेकाठी मोडले. ३ एप्रिलला इंग्रज खिंडारातून आणि शिड्या लावून आत शिरले. शहर लढून हरलं. एकाच माणसाने कडी काढली म्हणून हरलं असं दाखवलं, तर त्या गवंड्यांच्या रात्री फुकट जातात.

मरणाच्या प्रसंगाबद्दल थोडक्यातच बोलतो, कारण त्याची रीत तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. आवाज बंद होतो, फक्त श्वास ऐकू येतो, बिठूरच्या घाटावरची छोटी मनू पळत येते, मग पुन्हा तलवार. प्रत्यक्षात ती चकमक घाईगर्दीची होती. राणी घोडेस्वाराच्या वेशात होत्या आणि आपण कुणावर वार केला हे मारणाऱ्याला कळलंही नसावं. पण फ्लॅशबॅकला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडतो. कीर्तनकार आख्यानाच्या शेवटी पुन्हा सुरुवातीच्या अभंगावर येतो तसंच ते आहे. माणूस जाताना त्याचं सगळं आयुष्य एकदा समोरून जावं, ही आपल्या ऐकणाऱ्यांची जुनी अपेक्षा आहे. ती पुरवावी.

माझं भांडण आहे ते वेगळ्या जागी. त्यासाठी गोडसे भटजींकडे जावं लागेल.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असं कळलं, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर निघाले आणि थेट १८५७च्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहराच्या आत होते. पुढे त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये छापला. त्यातली झाशीची लूट वाचताना हात थांबतो. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग धान्यसुद्धा. शहर पायरीपायरीने कसं रिकामं होतं ते त्यांनी भिक्षुकाच्या नजरेने पाहिलंय. घरात कुठली वस्तू किती मोलाची असते हे भिक्षुकाला बरोबर कळतं.

त्याच पुस्तकात काल्पीच्या वाटेवरची विहीर आहे. झाशी गेलेली आहे. भटजी विहिरीपाशी आहेत आणि घोडेस्वार येतात. पठाणी वेश, अंगभर धूळ, चेहरा लाल झालेला. त्या बाईसाहेब आहेत. तहान लागलेली. भटजी पुढे होतात, मी पाणी काढून देतो म्हणतात. राणी त्यांना थांबवतात. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. दोरी आणि मडकं स्वतः हातात घेतात, पाणी शेंदतात आणि मडक्यातून ओंजळीने पितात. मग त्या बोलतात. मला एकटीला अर्धा शेर तांदूळ पुरे, विधवेला या उद्योगात पडायची गरज नव्हती, पण धर्माच्या अभिमानासाठी पडले, आणि ईश्वराने यश दिलं नाही, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. आणि घोडे निघून जातात.

एका मालिकेसाठी हा प्रसंग मी शेवटच्या भागाच्या सुरुवातीला लिहिला होता. संवाद जवळजवळ नव्हतेच. दोरीचा कठड्यावर घासण्याचा आवाज, मडकं वर येताना सांडणारं पाणी, आणि मनगटापर्यंत धुळीचा थर असलेली ओंजळ. प्यायल्यावर त्या धुळीत दोन ओघळ उरतात, तो क्लोज-अप मी कागदावर आखून दिला होता. बैठकीत तो कापला गेला. शेवटच्या भागात नायिका थकलेली दिसता कामा नये, प्रेक्षक खचतो, असं कारण मिळालं. त्या जागी तलवार उपसून केलेलं भाषण आलं. भाषण मीच लिहिलं.

त्या दिवशी मी पुरेसा भांडलो नाही. आज इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर भांडतोय. प्रेक्षक खचतो, हे मला मान्य नाही. भा. रा. तांब्यांची कविता आपण शाळेत म्हटली, ती वाटसरूला समाधीपाशी थांबवून दोन अश्रू मागते. उसना विजय मागत नाही. विहिरीवर राणीला माहीत आहे की यश मिळालेलं नाही. तरी त्या पाणी पिऊन काल्पीकडेच निघतात, पुढे ग्वाल्हेरकडे. हरणं कळलेलं असताना चालत राहिलेली ती बाई मला कोटा की सरायच्या राणीइतकीच मोठी वाटते. ती पडद्यावर आली असती, तर आजीला रडायला स्लो-मोशन लागलं नसतं.

कुणी विचारेल, मग तुमचा शेवट कुठे? मी पुन्हा संधी मिळाली तर भटजींबरोबर चालेन. ते पैसे मिळवायला गेले होते. जे मिळालं ते वाटेत लुटलं गेलं. परतताना खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती, आईवडिलांना स्नान घालायला. उन्हातान्हातून, चोरांच्या आणि शिपायांच्या मुलखातून, न सांडता ती त्यांनी कोकणात आणली. मालिकेच्या शेवटच्या चौकटीत मला ती कावड वरसईच्या अंगणात उतरताना दाखवायची आहे, आणि घरच्यांनी विचारायचं आहे, ‘झाशीला काय पाहिलंत?’